दिवाण देवडीपासून बाबिलोनपर्यंत

इतिहासाच्या पुस्तकातला मेसोपोटेमिया आपण परीक्षेपुरता वाचतो. हम्मुराबीची संहिता, झुलत्या बागा, असुरबानिपालचे ग्रंथालय, झाले! ते लोक गेले, त्यांचे मर्दुक आणि इश्तार गेले, त्यांची भाषाही मातीत गेली, अशी आपली समजूत असते. भाषेपुरती तरी ही समजूत खोटी आहे असे माझे मत आहे. पुराव्यासाठी बगदादला जायला नको. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या दिवाण देवडीपर्यंत चालत गेले तरी पुरे.

'दिवाण' हा शब्द फारसीतून आला हे सर्वांना ठाऊक आहे. पण फारसीत तो कोठून आला? सुमेरी लोक मातीच्या ओल्या पाटीवर बोरूच्या टोकाने अक्षरे उमटवीत. त्या पाटीला ते 'दुब' म्हणत. बाबिलोनी आणि असीरी लोकांच्या अक्कादी भाषेत त्याचे 'तुप्पु' झाले. एलामच्या वाटेने तो शब्द इराणात पोचला आणि प्राचीन फारसीत 'दिपी', म्हणजे लेख, झाला. 'दिवाण' आणि लेखनिक या अर्थाचा 'दबीर' हे दोन्ही शब्द याच 'दिपी'चे वंशज, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शिवछत्रपतींच्या दरबारातला डबीर तो हाच. ('दप्तर' मात्र या वंशावळीत कोणी घुसडू नये. ते मूळ ग्रीकांचे. त्याचा अर्थ कातडे.)

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास डबीराचा सुमंत झाला. नव्या राज्याने आपल्या पदांना आपली नावे द्यावीत यात राजाचा स्वाभिमान होता, आणि तो योग्यच होता. पण त्या राजकारणाचा दाखला देऊन आज घराघरातल्या बोलीची झडती घेणे ही निराळी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या वर्गातल्या मुलीने आपल्या आजीचे वर्णन 'मिस्कीन बाई' असे केले. परीक्षकांनी 'हा शब्द मराठी नव्हे' म्हणून सर्वांसमक्ष सुनावले. ती मुलगी त्यानंतर व्यासपीठावर चढलेली नाही. वास्तविक हम्मुराबीच्या कायद्यात, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, समाजाचे तीन वर्ग सांगितले आहेत. त्यातला मधला वर्ग 'मुश्केनुम'. तो शब्द अरामी आणि अरबी भाषांतून गरीब, दीन या अर्थाने आपल्यापर्यंत आला. मराठवाड्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते आणि कारभार उर्दूत चाले. तेव्हा असे शब्द आमच्या आजीच्या तोंडी बसले यात तिचा काय गुन्हा? 'तर्जुमा'ची कथाही अशीच. असीरी व्यापाऱ्यांच्या पाट्यांत दुभाष्याला 'तर्गुमन्नु' म्हटले आहे.

आता शुद्धीवाद्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. शाहबाजगढीच्या शिलालेखात सम्राट अशोक आपल्या धर्मलेखाला 'दिपी' म्हणतो. इतर ठिकाणी त्याचीच 'लिपी' दिसते. पाणिनीने 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन्ही रूपे नोंदविली आहेत. कोणी ती 'लिप्' धातूपासून साधतात, पण अनेक विद्वान तिला इराणी 'दिपी'चेच रूप समजतात. मग डबीर परका म्हणून दाराबाहेर आणि लिपी मात्र देवघरात, हा कोणता न्याय? दोघेही त्याच मातीच्या पाटीवरून उठून आलेले!

लोकमान्य टिळकांना अशी भीती वाटली नाही. १९१७ साली भांडारकर गौरवग्रंथात त्यांनी खाल्डियन आणि भारतीय वेदांवर लेख लिहिला. अथर्ववेदातल्या सर्पविषावरच्या मंत्रात 'तैमात' हा शब्द येतो. त्याचा संबंध त्यांनी बाबिलोनी सृष्टिकथेतल्या तियामत या आदिसर्पिणीशी लावला. त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढच्या पंडितांनी मानले नाहीत, ते असो. पण वेदाच्या मंत्रात परका शब्द सापडला तर तो लपवावा, असे त्यांच्या मनात आले नाही.

आपल्या मराठी आणि उर्दू विभागांनी एकत्र बसून गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून असे शब्द टिपून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. पुढच्या अंकात त्यांना चार पाने द्यावीत. पहिला शब्द 'मिस्कीन' घ्यावा, आणि त्याची नोंद त्या मुलीनेच लिहावी.