खुर्ची आपली, वाट दलालाची

निपाणीहून बेंगळुरूचे चिन्नास्वामी स्टेडियम पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. त्या मानाने पुण्याजवळचे गहुंजेचे मैदान जवळ. तरीही सीमाभागातले क्रिकेटवेडे आयपीएलची तिकिटे आगाऊ घेतात. एखादा हौशी तर अख्ख्या मोसमाची. मग नेमका सामन्याच्या दिवशी तंबाखूचा व्यवहार किंवा घरचे लग्न आडवे येते. खुर्ची विकायची कुठे? तिकीट परत घेण्याची सोय बहुधा नसते. मित्राला मूळ किमतीत दिले तरी लोक संशयाने पाहतात आणि दुप्पट भाव सांगणारा दलाल फाटकाबाहेर निर्धास्त उभा असतो.

जागांवरून होणारे तंटे आपल्याला नवे नाहीत. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरच्या जागावाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया (सीसीआय) आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले, त्यातूनच १९७५ साली हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला त्याच वानखेडेवरच्या सुमारे ३३ हजार जागांपैकी सर्वसामान्यांसाठी विक्रीला आल्या जेमतेम चार हजार.

इंग्लंडमध्ये १९९४च्या कायद्याने फुटबॉलच्या तिकिटांची परस्पर विक्री गुन्हा ठरली. पण तिथल्या अनेक क्लबांनी मोसमी तिकीटधारकाला न जमणाऱ्या सामन्याची जागा क्लबमार्फतच विकण्याची मुभाही दिली.

म्हणून आमची मागणी साधी आहे: आयोजकांनी मूळ किमतीत फेरविक्रीची अधिकृत खिडकी उघडावी. प्रामाणिक प्रेक्षकाला वाट मिळाली, की दलालाचे गिऱ्हाईक आपोआप घटेल.