नोंदवहीतच उरलेली माणसे

मराठी घराण्यांचे कुलवृत्तांत चाळताना काही नावांपुढची जागा रिकामी आढळते. जन्मसाल असते, क्वचित विवाहाचीही नोंद असते. पुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच. यांपैकी काही माणसे देशांतराला गेली, काही साथीच्या रोगांत दगावली. काहींना मात्र मनोरुग्णालयाच्या दाराशी पोहोचवून घराने त्यांचा उल्लेखच थांबवला. तिसऱ्या-चौथ्या पिढीतील कोणी आज त्यांचा शोध घेऊ लागले, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे, याचे उत्तर आपल्या शासनव्यवस्थेकडे नाही.

इतर देशांत हा प्रश्न चर्चेला आला, तो दफनभूमींमुळे. लंडनजवळच्या एप्सम येथील हॉर्टन दफनभूमीत परिसरातील मनोरुग्णालयांचे सुमारे नऊ हजार रुग्ण पुरलेले आहेत. ती जमीन १९८३ मध्ये चक्क विकली गेली. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या मनोरुग्णालयात सुमारे साडेतीन हजार मृतांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत बेवारस पडून होत्या. त्या राज्याने २००७ मध्ये कायद्यात बदल करून मृतांची नावे जाहीर करण्याची वाट मोकळी केली आणि २०१४ मध्ये स्मारक उभारले. त्यानंतर अनेक कुटुंबांनी आपापल्या माणसांच्या अस्थी नेल्या.

आपल्याकडे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण बहुसंख्य मृतांच्या बाबतीत कबर हा पुरावाच नसतो. हिंदू रुग्णाचे दहन होई, मुसलमान वा ख्रिस्ती रुग्णाचे जवळच्या दफनभूमीत दफन. आणि मुंबई शरीरशास्त्र अधिनियम, १९४९ सारख्या कायद्यांमुळे बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाकडेही जाऊ शके. वसाहतकाळात युरोपीय ख्रिस्ती मृतांच्या दफननोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. एतद्देशीय रुग्णाची नोंद मात्र त्या-त्या रुग्णालयाच्या वहीतच राहिली. ती वही हीच त्याची समाधी. ती वाळवीने खाल्ली वा रद्दीत गेली, की तो माणूस दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

दिल्लीच्या बाबतीत हा माग आणखी तुटक आहे. एकोणिसाव्या शतकात दिल्लीत मनोरुग्णालय होते. पुढे १९०० च्या सुमारास पंजाब प्रांताची व्यवस्था लाहोरच्या मध्यवर्ती रुग्णालयात एकवटली आणि दिल्लीकर रुग्णांच्या नोंदी रावीकाठी गेल्या. फाळणीनंतर, १९५० मध्ये, भारत आणि पाकिस्तान यांनी धर्माच्या आधारावर मनोरुग्णांचीही अदलाबदल केली. मंटोंच्या ‘टोबा टेकसिंग’मुळे ती घटना साहित्यात अजरामर झाली, त्या रुग्णांच्या वारसांना मात्र कथेपलीकडे हाती काही लागत नाही. स्वतंत्र भारताच्या राजधानीला शाहदरा येथे मनोरुग्णालय मिळाले ते १९६६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १९९३ मध्ये त्याचे रूपांतर ‘इहबास’ या संस्थेत झाले. संस्थेचे रूप पालटले, हे स्वागतार्हच. पण अशा प्रत्येक स्थित्यंतरात जुन्या वह्यांचे उत्तरदायित्व कोणाकडे, हे ठरवावे लागते.

कायदा या बाबतीत वाटतो तितका अनुदार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद वगळता, नाकारता येत नाही. आणि खासगीपणाचे कलम त्या अपवादांत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ तर कोणालाही मृत्युनोंदीचा उतारा देतो, फक्त त्यात मृत्यूचे कारण उघड करू नये, असे बजावतो. नेमका हाच विवेक येथे हवा आहे.

आक्षेप असा घेतला जाईल, की अशा नोंदी खुल्या केल्यास कुटुंबांवर कलंक येईल, मुलामुलींच्या सोयरिकी मोडतील. ही भीती निराधार नाही. मात्र तिचे उत्तर सरसकट मौन हे नव्हे. अमुक माणूस अमुक दिवशी वारला आणि त्याचे अंत्यसंस्कार अमुक ठिकाणी झाले, ही एक माहिती. त्याला कोणता विकार होता, ही दुसरी. पहिली वारसांना द्यावी, दुसरी राखावी. शिवाय गोपनीयता ही रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. संस्थेच्या हलगर्जीवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे. एखाद्या वर्षी किती रुग्ण दगावले आणि किती देहांवर कोणी हक्क सांगितला नाही, हे कळणे सार्वजनिक हिताचे आहे.

करायचे ते फारसे खर्चिक नाही. पहिले, शाहदरा असो वा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मनोरुग्णालयांच्या दाखल-वह्या आणि मृत्युवह्या नष्ट करण्यास तत्काळ मनाई करून त्यांची सूची करावी. दुसरे, पन्नास वर्षांहून जुन्या वह्या दिल्ली अभिलेखागार आणि महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय यांच्याकडे सोपवून त्यांचे डिजिटलीकरण करावे. १९१२ च्या लुनसी कायद्याखाली अनेक रुग्ण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखल होत. त्या न्यायालयीन कागदपत्रांचाही या सूचीत समावेश हवा. तिसरे, वारसांच्या अर्जाला ठराविक मुदतीत उत्तर देणारा अधिकारी नेमावा.

हा केवळ वंशावळीच्या हौसेचा विषय नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील रोहिणी येथील ‘आशा किरण’ या सरकारी निवासगृहात महिनाभरात डझनाहून अधिक निवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा चौकशीचे आदेश द्यावे लागले. शासनाच्या ताब्यातील दुर्बळ माणसाच्या मृत्यूचा हिशेब उद्या मागितला जाणार आहे, याची जाणीव असेल, तरच त्याच्या जगण्याची काळजी आज नीट घेतली जाईल. पितृपक्षात ज्यांची तिथी ठाऊक नाही, अशांसाठीही आपल्या परंपरेने सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. ज्यांची तिथी सरकारी वहीत लिहिलेली आहे, त्यांना तरी अज्ञातांच्या रांगेत बसवण्याचे कारण नाही.