आधी दार, मग डिकी

मोटारीत गाणे ऐकणे ही चैन की गरज, यावर आपल्या वादविवाद मंडळाला एक स्पर्धा सहज घेता येईल. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ नावाचा रेडिओ मोटारीसाठी काढला तेव्हा ती निखालस चैन होती. आज घाटात तीन तास अडकलेल्या माणसाला विचाराल तर तो गरज म्हणेल. माझा वाद तेथे नाही. सेकंडहँड गाडी घरात येते, शिकवण्यांतून किंवा पहिल्या पगारातून साठवलेले चार पैसे हाताशी असतात, आणि आपल्यातले कित्येक जण गाडीची ‘सिस्टिम’ बदलायला निघतात. ती बदलतात मात्र उलट्या टोकाकडून. आधी डिकीत बास ट्यूब येते, मग डॅशबोर्डवर भला मोठा पडदा येतो, आणि ज्यांतून खरोखर गाणे येते ते दारांतले मूळचे स्पीकर तसेच राहतात. हा क्रम चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वॅट आणि ओहम यांच्या वाटेला फारसे न जाता ते मांडण्याचा प्रयत्न करतो. (अगदीच न जाता भागणार नाही. आपण अकरावीला शास्त्र शाखा का टाळली हे मला ठाऊक आहे. एकच गणित करू.)

कंपनीने बसवलेले स्पीकर वाईटच असतात असे नाही. अमर बोस या भारतीय वंशाच्या प्राध्यापकाने जनरल मोटर्सबरोबर काम करून १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये त्या गाडीच्या अंतर्भागालाच अनुसरून घडवलेली ध्वनियंत्रणा आणली. काच, गादी, छत यांवरून आवाज कसा परततो याचा विचार तिच्यात होता. पण आपल्या आवाक्यातल्या लहान गाड्यांना असा विचार क्वचितच लाभतो. त्यांच्या वाट्याला काटकसर येते. प्लॅस्टिकची चौकट, पातळ कागदी शंकू, इवलेसे चुंबक आणि मागे दाराचा उघडा पत्रा. मधल्या आवाजात बातम्या ऐकायला हे पुरे असते. आवाज थोडा वाढवला की मात्र गाण्याबरोबर दारही गाऊ लागते.

आता ते गणित. डेकवर मोठ्या अक्षरांत ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेले असते. गाडी चालू असताना वीज मिळते सुमारे १४.४ व्होल्टची. आवाजाची लाट वरखाली होत असल्याने तिचे परिणामकारक मूल्य जेमतेम १० व्होल्ट धरायचे. १० गुणिले १०, भागिले स्पीकरचा ४ ओहमचा रोध. उत्तर २५ आले. ही कागदावरची कमाल. प्रत्यक्षात वीसच्या आसपास मिळतात. पन्नास हा आकडा क्षणभराच्या उसळीचा आहे. आणि समजा खरोखर दुप्पट वॅट मिळाले, तरी कानाला आवाज थोडासाच चढलेला जाणवतो. दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. तेव्हा दुकानातल्या खोक्यांवरील आकड्यांची चढाओढ पाहून भारावून जाण्याचे कारण नाही.

आपण काय ऐकतो हा प्रश्न त्या आकड्यांपेक्षा मोठा, आणि तो कुणी विचारत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्‌ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. डिकीतल्या बास ट्यूबचे खरे राज्य साधारण ८० हर्ट्‌झच्या खाली. म्हणजे एक अख्खा ख्याल संपला तरी तिला काम मिळते ते त्या एका तारेपुरते. तेही थोडेच, कारण खर्जाची तार आपल्याला ऐकू येते ती मुख्यतः तिच्या वरच्या स्वरांशांमुळे; जवारीची सगळी करामत तिथेच असते. गायिकेचा गळा, सतारीची मींड, अभंगातले टाळ, नाट्यगीतातले ऑर्गन, कवितावाचनातले शब्द, हे सारे दारातल्या स्पीकरांचे आणि खिडकीजवळच्या छोट्या ट्वीटरचे काम. डग्ग्याची घुमकही बहुतांशी एका चांगल्या साडेसहा इंची स्पीकरच्या आवाक्यात येते. मग पहिला पैसा कुठे घालायचा?

पुढच्या दोन दारांत. वेगळा वूफर, वेगळा ट्वीटर आणि त्यांच्यात उंच-खोल स्वरांची वाटणी करून देणारा क्रॉसओव्हर असा जोड घ्यावा. तेवढी ऐपत नसेल तर दोन्ही एकाच चौकटीत असलेले कोॲक्सियल घ्यावेत. मागच्या दारांना तूर्त हात लावू नये. गाण्याच्या बैठकीत आपण गवयाकडे पाठ करून बसत नाही.

पण नुसता स्पीकर बदलून अर्धेच काम होते. स्पीकर जितका आवाज पुढे फेकतो तितकाच मागेही फेकतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात. मागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला बास खाऊन टाकतो. म्हणून ती भोके बंद करून पत्र्यावर ब्यूटाईल रबराचे, ॲल्युमिनियमची पाठ असलेले जड तक्ते चिकटवतात. खर्चाच्या मानाने याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. त्याच स्पीकरमधून बास जणू उसना आणल्यासारखा येतो. एवढेच पाहावे की दाराच्या तळाची बारीक भोके फिटरने बुजवलेली नाहीत. पावसाळ्यात काचेवरून आत उतरलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती बुजली तर दार आतून गंजलेच म्हणून समजा.

अँप्लिफायर नंतर, आणि तोही लहानसा. त्यावरचे ‘गेन’चे बटण म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. डेककडून येणारा संकेत आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. ते शेवटपर्यंत पिळले की लाटेची टोके कापली जातात, आवाज चिरका होतो आणि पहिल्यांदा ट्वीटर जळतो. याहून गंभीर गोष्ट तारेची. बॅटरीवरून येणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीपासून दोन वितींच्या आत, फ्यूज हवाच हवा. इंजिनाच्या पत्र्यातून ती तार आत येते तिथे रबरी बूच हवे. ते नसेल तर पत्रा तारेचे आवरण हळूहळू कापतो, आणि फ्यूज नसेल तर पुढचे काम आग करते. गुळगुळीत शोरूममध्ये हे दाखवत नाहीत; बॉनेट उघडायला लावून आपणच पाहावे.

पडद्याच्या मोहाबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांत १८० बाय ५० मिलिमीटरचा ठराविक खण असे. जुना डेक काढून नवा सरकवला की झाले. अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा त्या पडद्यालाच जोडलेले असतात. तिथे तो उखडण्यापेक्षा त्याच्या स्पीकरच्या तारांवरून संकेत घेणारा अँप्लिफायर बरा. तोही तयार कपलर लावून. मूळच्या तारा कापल्या की वॉरंटीवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते.

कुणी म्हणेल, “ख्यालाचे ठीक आहे, आम्ही ढोल-ताशा ऐकतो, सिनेमातली गाणी ऐकतो. आम्हांला छातीत धडधड हवी.” हरकत रास्त आहे. शिवाय धावत्या गाडीत टायरांची घरघर खालचे सूर गिळते, हेही खरे. म्हणून दारे झाल्यावर सीटखाली मावणारा छोटा सबवूफर कुणी बसवला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. मात्र काचा खाली करून गल्लीला ऐकवणे हा वेगळा छंद आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आणि गल्लीची पर्वा नसली तरी स्वतःच्या कानांची असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतात. ९० झाले की चारच तास. बंद गाडीत ९० गाठायला बास ट्यूबला फार कष्ट पडत नाहीत.

दुकानात जाताना आपल्याला तोंडपाठ असलेली दोन-तीन गाणी आणि एखादे भाषण बरोबर न्यावे. दुकानदाराची गाणी त्याच्या स्पीकरांना सोयीची असतात. इंजिन सुरू ठेवून ऐकावे, बास-ट्रेबल मध्यावर ठेवून ऐकावे, आणि निघताना काढलेले जुने स्पीकर मागून घ्यावेत. गाडी विकताना ते परत चढवता येतात, आणि नवे पुढच्या गाडीत आपल्याबरोबर येतात.