इंजिन बसतं हो, कागद बसत नाही!

प्रोजेक्ट कार हा सध्याचा सॉलिड हॅपनिंग आजार आहे. लक्षणं ओळखीची. ऑफिसात समोर एक्सेल शीट उघडी आणि मागच्या विंडोत भंगारातल्या गाड्यांचे फोटो. प्लॅनही ठरलेला : जुनी मारुती ८०० घ्यायची, तिच्यात एस्टीमचं इंजिन टाकायचं आणि सिग्नलवर नव्या गाडीवाल्यांची जिरवायची. या स्वप्नाला ईएमआय लागत नाही, हाच त्याचा यूएसपी.

आमच्या ग्रुपमधला एक जण यात पुरता बुडालाय. मूळचा वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की लागतं ते. इथंच पेढी नदीच्या पुलाजवळ, २० डिसेंबर १९५६ ला, गाडीतून अमरावतीला जाताना गाडगेबाबांनी देह ठेवला होता. तर या पठ्ठ्याची नोकरी पुण्यात आणि गाडी गावी. घरच्या रिकाम्या गोठ्यात, विटांवर. २००८ची ८००, बाबांनी घेतलेली, घरातली पहिली कार. इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून उभी केली, आणि ‘आता टाकायचंच आहे, तर मोठं टाकू’ हा किडा वळवळला.

कागदावर गणित भारीच दिसतं. ८००चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. एस्टीमचं १२९८ सीसी, चार सिलिंडर, आणि एमपीएफआय असेल तर ८५ बीएचपी, म्हणजे ८००च्या दुपटीच्या आसपास. गाडी मात्र तीच, साधारण साडेसहाशे किलोची. एस्टीम २००७ मध्येच बंद झाली, त्यामुळे भंगारवाल्याकडे इंजिन मिळतं आणि घासाघीस केली तर बजेटमध्येही बसतं. फसायला होतं ते इथंच. कारण बॉस, इंजिन हा या धंद्यातला स्वस्त भाग आहे.

नुसतं इंजिन उचलून आणलं की रडायची पाळी येते. गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा हवा. मग अ‍ॅक्सल जुळत नाहीत, ते कापून-जोडून किंवा नवे बनवून घ्यायचे. माउंटिंग वेल्ड करायचे, आणि ते दोन मिलिमीटर चुकले तरी स्टिअरिंग हातात थरथरतं. रेडिएटर मोठा. एमपीएफआय असेल तर ईसीयू, सेन्सर आणि अख्खं वायरिंग, ते कुणी कापलेलं नको. टाकीत जास्त प्रेशरचा पंप. सायलेन्सर नवा. आणि एवढं करून गाडी पळायला लागली की लक्षात येतं, थांबवायची कशी? ब्रेक अजून ३७ बीएचपीच्या हिशेबाचे. मोठी डिस्क टाकावी तर ती ८००च्या १२ इंची चाकात मावत नाही. मग १३ इंची रिम, मग टायर. प्रत्येक ‘मग’ला पाकीट उघडायचं. म्हणून मुरलेले लोक सुटं इंजिन घेत नाहीत, मागून ठोकलेली पण पुढून धडधाकट अशी अख्खी गाडीच घेतात. ब्रॅकेट, क्लिपा, पाइप, रिले असल्या किरकोळ वस्तूंवर जे पैसे आणि शनिवार-रविवार जातात ते वाचतात. उरलेला सांगाडा परत भंगारात.

यात काही जगावेगळं नाही म्हणा. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं १९८५ मध्ये ११८ एनई आणली, ती याच फॉर्म्युल्यावर. बॉडी फियाट १२४ची, साठच्या दशकातली, आणि आत निस्सानचं ए-१२ इंजिन. नावातला ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिनच. गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला, उगाच जुळवाजुळव नको. कॉन्टेसा आणि अ‍ॅम्बेसेडरनंही पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन पोटात घेतलं. फरक इतकाच, की कंपनी स्वॅप करते तेव्हा सरकारी मंजुरी आधी येते आणि गाडी नंतर.

अमरावतीच्या मिस्त्रीनं हे आमच्या मित्राला एका वाक्यात सांगितलं, ‘‘इंजन त बसून जाईन भाऊ, पन कागदात कसं बसवशीन?’’

आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते, इंधन असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे बजावलं. इंजिन बदलायला बंदी नाही, पण त्याच मेकचं, त्याच प्रकारचं टाका आणि आरटीओची परवानगी आधी घ्या. २०१९च्याच दुरुस्तीनं शिक्षाही आली : मालकानं केलेल्या अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, म्हणजे इन्स्पेक्टरसमोर बॉनेट उघडणं आलंच. कारसाठी ही फी २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० झाली.

दंड भरता येतो हो. विम्याचं काय? ही गाडी आई-बाबांना घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात जाणार आहे. उद्या कुणाला धडकली आणि सर्व्हेअरला आत भलतंच इंजिन सापडलं, तर कंपनी हात वर करायला मोकळी. आणि भंगारातलं इंजिन पावतीशिवाय घेतलं असेल, तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे पोलिसांना तुम्ही पटवा.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात? त्यांनी साधारण ६० हजारांत, भंगारातलं सामान जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी शेअर केला, आणि कौतुकासोबतच सांगितलं की नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, तेव्हा ती मला द्या, मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आलीसुद्धा. झकास गोष्ट. पण अशी अदलाबदल आपल्यातल्या प्रत्येकासाठी कोण करणार?

मित्राचं आता जवळजवळ ठरलंय. एस्टीमचा बेत बासनात, पण पूर्णपणे नाही. पुढेमागे फक्त ट्रॅकसाठी दुसरा सांगाडा घ्यायचा म्हणतो. बाबांच्या गाडीत मात्र ८००चंच इंजिन, एमपीएफआय, चांगल्या कॉम्प्रेशनचं. वाचलेल्या पैशांत ब्रेक, टायर आणि गंजलेला फ्लोअर. तर मंडळी, असं इंजिन, मूळ गाडीच्या कागदांसकट आणि पावतीसह, कुणाच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा. वलगावपर्यंत न्यायची जबाबदारी आमची.