कॅरमभोवतीचे दहा जण

2002 च्या हिवाळ्यात लेफ्टनंट म्हणून मी पहिल्यांदा लडाखला गेलो, तेव्हा कंपनीत करमणुकीची साधनं दोनच होती. एक रेडिओ आणि एक कॅरम बोर्ड. संध्याकाळी विविध भारतीवर फौजी बांधवांसाठी 'जयमाला' लागायची आणि सगळे बुखारीभोवती गोळा व्हायचे. कॅरम चौघं खेळायचे, बाकीचे दहा जण चुकीचे सल्ले द्यायचे.

त्या दहा जणांविषयी आज लिहितोय.

आमचा एक लान्स नायक राणी घेण्यात पटाईत. एकदा सलग तीन दिवस त्याच्या साध्या सोंगट्या चुकल्या. चौथ्या दिवशी सुभेदार साहेबांनी त्याला बाजूला नेऊन विचारलं, "घर पे सब ठीक है ना?" ठीक नव्हतं. गावी भावाशी जमिनीचा वाद पेटला होता. आठवड्याच्या आत त्याला रजेवर पाठवलं. मला तेव्हा वाटलं, साहेबांना मनातलं कळतं. खरं म्हणजे ते फक्त रोज तिथे बसायचे.

आता दुसरी गोष्ट. अलीकडे माझ्याच हाताखालचा एक तरुण जवान रात्री ब्लँकेटखाली मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा. पगार गेला, मग उसने घेतलेले गेले, मग कर्ज झालं. आम्हाला कळलं ते त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा. दोन महिने घरी पैसे आले नव्हते. शेजारच्या खाटेवरचा जवान दोन हातांवर झोपायचा, त्यालाही पत्ता नव्हता. मलाही नव्हता, आणि ती जबाबदारी माझी होती.

जुगार फौजेला नवा नाही. पण पूर्वी तीन पत्तीसाठी चार माणसं जमवावी लागायची आणि चार माणसं जमली की हवालदाराच्या कानावर जायचंच. आज अख्खा फड एकट्याच्या खिशात मावतो. फुरसतीचा वेळ बदलला म्हणजे नेमकं काय बदललं, तर हे: तो वेळ आता कुणी पाहत नाही.

मी मोबाइलच्या विरोधात नाही. एसटीडी बूथच्या रांगेत तासभर उभं राहून मीटरकडे बघत तीन मिनिटं बोलणारे आम्ही. आज जवान मुलीला व्हिडिओवर झोपताना पाहतो, हे सुख मोठं आहे. बंदीनेही सगळं होत नाही. 2020 मध्ये सुरक्षेसाठी लष्कराने 89 ॲप काढायला सांगितली, ती निघाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही हवाच होता. पण मोकळी झालेली संध्याकाळ कायदा भरून देत नाही.

खडकवासल्याला अकादमीत आम्हाला छंदही आदेशाने असायचे. आम्ही हसायचो. मी फोटोग्राफी घेतली ती डार्करूममध्ये डुलकी काढता येईल म्हणून! पण दुसऱ्या स्क्वॉड्रनचे जे दोघं तिथे भेटले, ते आजही अडीअडचणीला फोन करतात. फोटो बहुतेक सगळे धुरकट आले. मैत्री टिकली.

म्हणून आम्ही साधा उपाय केला. स्टोअरमधला धुळीने भरलेला कॅरम बोर्ड बाहेर काढला, बोरिक पावडर आणली. रोल कॉलनंतर एक तास मीही तिथे बसतो, मोबाइल खोलीवर ठेवून. पहिला आठवडा पोरं 'साहब आए हैं' म्हणून आली. मग साहेब हरतो हे लक्षात आल्यावर गर्दी वाढली.

निवृत्त मंडळींना एक विनंती. गावात किंवा सोसायटीत संध्याकाळची बैठक असेल तर ती मोडू देऊ नका, नसेल तर सुरू करा. पत्ते असोत, भजन असो, व्हॉलीबॉल असो. आणि चार दिवस जो आला नाही, त्याच्या घरी चक्कर मारा. शेवटी आपल्या सुभेदार साहेबांनी तेच केलं होतं.

रमीवाला जवान हप्ते फेडतोय. कॅरम अगदीच वाईट खेळतो, पण रोज येतो.

जय हिंद.