निष्ठेची परीक्षा आणि मराठी ख्रिस्ती साहित्याचे वाचन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखकांना स्थान मिळाले आहे. परंतु ते बहुतांशी भाषेच्या अथवा समाजसुधारणेच्या खात्यावर. १६१६ मध्ये प्रथम मुद्रित झालेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीवरील प्रभुत्वासाठी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या प्रश्नासाठी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) प्रसन्न विनोदासाठी वाचली जातात. हे वाचन चुकीचे नाही. ते अपुरे आहे. ऐहिक मोहांत राहून देवाशी एकनिष्ठ असणे म्हणजे काय आणि त्याच्या सार्वभौम सत्तेवर भरवसा टाकणे म्हणजे काय, हा या परंपरेच्या गाभ्यातील प्रश्न आहे. तो केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न नसून वाङ्मयाचाही आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते.

या प्रश्नाचे मूळ रूप मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांतील अरण्यप्रसंगात सापडते. उपाशी ख्रिस्तासमोर सैतान तीन मोह ठेवतो. दगडांच्या भाकरी करणे हा देहाचा मोह आणि जगातील राज्ये हा सत्तेचा मोह. हे दोन्ही सहज ओळखू येतात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह मात्र निराळ्या जातीचा आहे. तो विश्वासाचाच वेष घेऊन येतो. देव सांभाळणारच आहे, मग उडी का टाकू नये, असा त्याचा युक्तिवाद असतो. ख्रिस्त तो नाकारतो, कारण भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाला कसोटीस लावणे वेगळे. प्रचलित मराठी बायबलमध्ये माणसाला पडणारा मोह आणि माणसाने देवाची घेतलेली कसोटी या दोहोंसाठी ‘परीक्षा’ हाच शब्द योजलेला आहे. या दोन अर्थांतील अंतर किती सूक्ष्म आहे, हे त्या एका शब्दावरूनच ध्यानात यावे.

नारायण वामन टिळकांचे चरित्र या अंतरावरच उभे आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी जात, आप्त आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडले. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या कल्पनेच्या मागे जाण्याचे ठरविले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची धारणा लक्षात घेता या त्यागामागे वारकरी विरक्तीचा संस्कारही दिसतो. परंतु हाती आलेला पैसा देऊन टाकणारा आणि उद्याची चिंता देवावर सोपविणारा हा गृहस्थ प्रत्येक वेळी भरवसाच ठेवत होता, की कधी कधी शिखरावरून उडीही टाकत होता?

हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ विचारते, आणि म्हणूनच ती केवळ विनोदी आठवणींची पोथी राहत नाही. पतीच्या विश्वासाची किंमत पत्नीच्या रिकाम्या डब्यांतून मोजली जाते. लक्ष्मीबाई टिळकांवर आरोप करीत नाहीत की त्यांचे स्तोत्रही गात नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचा विश्वास अनुकरणातून आलेला नाही. जातिभेदाविषयीच्या स्वतंत्र विचारातून तो हळूहळू घडला. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच सिद्धीस नेले. त्यांचा विनोद हा श्रद्धेचा अभाव नव्हे. देवावरील भरवसा आणि माणसाचा अव्यवहार यांत गल्लत होऊ न देणारा तो विवेक आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराश्रित स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगावी त्यांना आसरा दिला. तेथे प्रार्थनेबरोबर शेती, शिक्षण आणि छापखानाही होता. त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाची सत्ता सर्वोच्च मानणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, याचे याहून मोठे प्रमाण शोधण्याची गरज नाही. कोणत्याही मानवी सत्तेला अंतिम न मानण्याचे बळ त्यांना याच श्रद्धेने दिले.

यावर असा आक्षेप येईल की, जेथे सर्व काही देवाच्या इच्छेने घडते तेथे खरा संघर्ष उरत नाही आणि संघर्षाविना साहित्य प्रचाराच्या पातळीवर उतरते. या परंपरेतील काही लेखन तसे उतरले आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु आक्षेपाचे गृहीतक तपासावयास हवे. क्रुसापूर्वीच्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः ख्रिस्त व्याकूळ होतो आणि पुढ्यातला प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो. समर्पण त्यानंतर येते. देवाचे सार्वभौमत्व संघर्ष पुसून टाकीत नाही, ते त्याला अर्थ देते. ही व्याकुळता वगळून थेट समर्पणाकडे धावणारे लेखन फसते. ती सोसून लिहिणारे टिकते. ‘स्मृतिचित्रे’ टिकली ती यामुळे.

म्हणून महाविद्यालयीन अध्यापनात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना साधेपणा आणि विनोद या दोन ठरीव मथळ्यांपाशी थांबणे आता पुरेसे नाही. विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो वा कोणताच धर्म न मानणारा असो, निष्ठा कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो, एकाच्या त्यागाचा भार कोणाच्या शिरावर पडतो, हे प्रश्न त्याच्या आयुष्यातही उभे राहणारच आहेत. मराठी ख्रिस्ती साहित्याने ते प्रामाणिकपणे मांडले आहेत. समीक्षेने ते प्रामाणिकपणे वाचणे बाकी आहे.