प्लँटेशनवर चार दिवस

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या प्रवासवर्णनाला एक ठरीव साचा आहे. आधी रस्ता, मग स्वच्छता, मग शिस्त, मग निसर्ग, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ हा उसासा. असे वर्णन लिहिण्याजोगी सामग्री माझ्याकडेही आहे. गेल्या मार्चमध्ये आम्ही आठ वर्गमित्र साउथ कॅरोलायनातील हिल्टन हेड या बेटावर चार दिवस गोल्फ खेळलो. हॉटेल समुद्राला लागून. सज्जातून सूर्योदय, आठ वाजता पहिला फटका, संध्याकाळी कोणाचा चेंडू कोणत्या तळ्यात गेला याची उजळणी. खेळ बरा झाला, जेवण उत्तम होते, भांडण एकच झाले. हा लेख त्या भांडणाविषयी आहे.

शेवटच्या रात्री आमच्यापैकी एकजण, मूळचा सिंधुदुर्गातला, म्हणाला, “अरे, आमच्या किनाऱ्याला काय कमी आहे? असं एक रिसॉर्ट तिकडे झालं ना, तर कोकणाचं सोनं होईल.” सर्वांनी माना डोलावल्या. मला डोलावता आली नाही, आणि का नाही हे त्या टेबलावर नीट सांगताही आले नाही. ते येथे सांगतो.

प्रथम शब्दाविषयी. त्या बेटावरील अनेक फाटकबंद वसाहतींच्या नावात ‘प्लँटेशन’ हा शब्द होता. काहींनी तो पुढे गाळला, काहींच्या पाट्यांवर तो राहिला. मराठीत आपण त्याला ‘मळा’ म्हणून मोकळे होतो. परंतु मळा म्हटले की आपल्याला मोट आठवते, हुरडा आठवतो. साउथ कॅरोलायनातील प्लँटेशन म्हणजे गुलामांच्या श्रमावर उभी असलेली जमीनदारी. याच बेटावर १७९० साली विल्यम एलियट या मळेवाल्याने लांब धाग्याच्या ‘सी आयलंड’ कापसाचे पहिले यशस्वी पीक काढले. हा कापूस आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी पेरला आणि वेचला. आज तोच शब्द विश्रांतीची आणि प्रतिष्ठेची जागा सुचवतो. त्याचा हा प्रवास आपोआप झालेला नाही. तो जाहिरातीने घडवून आणला आहे.

१८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने हे बेट जिंकले आणि मळेवाले पळाले. मागे राहिलेल्या माणसांसाठी १८६२ साली मिचेलव्हिल नावाची वसाहत स्थापन झाली. गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले लोक तेथे स्वतःचा कारभार पाहत होते, आणि मुलांना शाळेत पाठवणे त्यांनी सक्तीचे केले होते. पुढे या लोकांनी जमिनी घेतल्या, आणि जवळजवळ शतकभर त्यांचे वंशज शेती व मासेमारी करून तेथे राहिले. त्यांना गला म्हणतात. मुख्य भूमीपासून तुटलेपणामुळे त्यांची भाषा टिकली. शिकलेले लोक तिला मोडकी इंग्रजी समजत. १९४९ साली लोरेंझो डाउ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने तीत पश्चिम आफ्रिकी भाषांतून आलेले हजारो शब्द व नावे दाखवून दिली. मालवणीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणून हिणवणाऱ्यांच्या समाजात वाढलेल्या वाचकाला या गोष्टीचे मोल सांगावे लागू नये.

१९५६ साली पूल झाला आणि तुटलेपण संपले. चार्ल्स फ्रेझर या तरुण विकासकाने ‘सी पाइन्स’ ही वसाहत आखली. येथे प्रतिपक्षाला त्याचे देणे दिले पाहिजे. फ्रेझरने झाडे राखली, इमारती झाडांच्या उंचीखाली ठेवल्या, रंगसुद्धा मातीशी मिळतेजुळते असावेत असे नियम केले. पीट डायने जॅक निक्लॉसच्या साहाय्याने आखलेले आणि १९६९ साली खुले झालेले हार्बर टाउनचे मैदान हे गोल्फमधील उत्तम कामांपैकी एक आहे. त्याची अरुंद वाट आणि लहान ग्रीन माझ्यासारख्या हौशी खेळाडूलाही विचार करायला लावतात. बेटाचा बराचसा भाग विकासकांनी उत्तरेकडील धनिकांच्या शिकारीच्या राखीव जमिनीतून रीतसर विकत घेतला होता, हेही खरे. कोणी बंदूक घेऊन आले नव्हते.

मग तक्रार काय? तक्रार अशी की तेथे झाडाचे संरक्षण करारात लिहिले गेले, शेजाऱ्याचे लिहिले गेले नाही. ज्या रानात गला लोक गुरे चारत आणि शिकार करीत, तेथे फाटक आले. भरतीरेषेखालची वाळू कायद्याने सर्वांची. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट खासगी झाली. जमिनीच्या किमती चढल्या, त्यांबरोबर कर चढला, आणि कर थकला की जमीन लिलावात गेली. त्याहून वाईट गोष्ट वारसाहक्काची. बहुतेकांच्या पूर्वजांनी मृत्युपत्रे केली नव्हती, म्हणून जमीन साऱ्या वंशजांच्या सामाईक मालकीची. त्यांतल्या दूर शहरात राहणाऱ्या एकाचा वाटा परक्याने विकत घ्यावा, न्यायालयात वाटपाचा दावा लावावा, आणि न्यायालयाने सगळीच जमीन विकण्याचा हुकूम द्यावा, असे साऱ्या त्या किनारपट्टीवर घडत आले. उरलेल्या वारसांना तो वाटा आधी विकत घेण्याची संधी देणारा कायदा साउथ कॅरोलायनात २०१६ साली झाला. तोवर साठ वर्षे उलटली होती.

हार्बर टाउनच्या अठराव्या होलजवळ, सदनिकांच्या शेजारी, ब्रॅडॉक पॉइंट नावाचे गला लोकांचे जुने दफनस्थान आहे. मी तेथे गेलो. चेंडूवर बसलेला फटका तेथे ऐकू येतो. ज्यांचे आजे-पणजे तेथे पुरले आहेत त्यांनाही वसाहतीच्या फाटकावरूनच आत यावे लागते. आम्ही आठजण हॉटेलच्या पासवर आत आलो होतो, आणि आम्हाला कोणी काही विचारले नव्हते.

हे मी जेवणाच्या टेबलावर अर्धवट बोललो तेव्हा उत्तर आले, “मग काय, खेळायचंच नाही का?” हा आक्षेप चलाख आहे, कारण तो प्रश्न खेळणाऱ्याच्या सोवळेपणाचा करून टाकतो. मी खेळलो, पुन्हाही कदाचित खेळेन. मुद्दा असा की पाहुण्याच्या सज्जातून दिसते तेवढेच पाहून आपल्या गावासाठी तसे मागू नये. दुसरा आक्षेप रोजगाराचा. रोजगार येतो, हे निर्विवाद. पण ज्या बेटावर काम करायचे तेथे राहणेच न परवडल्यामुळे रोज पूल ओलांडून यावे लागणे, हाही त्याच रोजगाराचा भाग आहे.

आणि कोकणाला हे काही नवे नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोडा-वेळागरच्या ग्रामस्थांनी पंचतारांकित हॉटेलसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. तेथून जवळच, गोव्याच्या हद्दीतील तेरेखोल गावात गोल्फच्या मैदानासह प्रकल्प आखला गेला तेव्हाही विरोध झाला. या लोकांना आपल्या वर्तमानपत्रांनी ‘विकासविरोधी’ म्हटले. हिल्टन हेड पाहून आलेल्या माणसाने तरी तो शब्द वापरू नये. कोकणातील सामाईक जमीन आणि गला लोकांची सामाईक जमीन यांची दुखणी एकच आहेत. १८९३ च्या आपल्या वाटपाच्या कायद्यात परक्याने वाटा घेतल्यास तो विकत घेण्याची मुभा कुटुंबाला आहे, पण ते कलम राहत्या घरापुरते आहे.

माझ्या मित्राच्या घरच्या सातबाऱ्यावर एकवीस नावे आहेत. हे त्यानेच पूर्वी एकदा हसत सांगितले होते. रिसॉर्टची कल्पना दुसऱ्यांदा मांडण्याआधी त्याने ती यादी काढावी. प्रत्येक नावापुढे लिहावे की ते नाव फाटकाच्या आत असेल की बाहेर, आणि आत असेल तर पाहुणा म्हणून की खोल्या झाडायला. ती यादी पुरी झाली की आपण पुन्हा बोलू.